गाळ फोडणारी भाडेकरू

“काकू, वास येतोय का माझ्या हातांना?” दारातच दोन्ही हात पुढे करून ती विचारायची. मी “नाही” म्हटलं तरी पुन्हा साबण लावायची आणि मगच चहाचा कप धरायची.

मुलांनो, ही आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलेली मुलगी. रसायनशास्त्र शिकलेली. गावाबाहेर प्रवरेच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करतात, तिथे ती नोकरीला होती. आपण संडासात पाणी ओततो आणि विसरतो. मागे उरणारा गाळ तिच्या वाट्याला यायचा. बंद टाकीत जंतू तो पचवतात आणि गॅस सोडतात, त्यावर वीज बनते. पण गाव वाढलं, टाकी तेवढीच राहिली. अर्धवट पचलेला गाळ उघड्यावर सुकायला पडायचा आणि शेजारच्या वस्तीत माणसं दारं लावून जेवायची.

तिने चाचणीसाठी अल्ट्रासाउंडचं, म्हणजे तीव्र ध्वनिलहरींचं, यंत्र आणवलं. “गाळातल्या पेशी आधीच फोडल्या की जंतूंना लवकर पचतं. डाळ भरडून शिजवतो ना, तसं.”

“आणि नाही पचलं तर?”

“काकू, तुम्ही पण ना!”

एकदा मी बघायला गेले. यंत्र कर्कश चिरचिरत होतं. कुंपणापलीकडून वस्तीतल्या एक बाई ओरडल्या, “ओ ताई, तुमचं यंत्र लई वरडतंय, पर वास हाय तिथंच हाय!”

“थोडं थांबा, मावशी!”

“थांबूनच तर नाक गेलं माझं!”

दोघी हसल्या. रोजचंच होतं ते.

गॅस वाढला, पण यंत्र त्याहून जास्त वीज खाऊ लागलं. त्याचं कारण तिला उशिरा कळलं. पंप तुंबू नये म्हणून तिथे गाळ पातळच ठेवायची पद्धत. तिनेही तो तसाच यंत्रात सोडला. निम्मी ताकद नुसत्या पाण्यावर जात होती. तिचे वरचे साहेब पाहणीला आले तेव्हा तिने स्वतःच हे सांगितलं आणि गाळ घट्ट करून पुन्हा चाचणी मागितली.

“तुम्हीच म्हणता चुकलं. मग आता कशाला?” साहेब म्हणाले. यंत्र टेम्पोत चढलं.

त्या संध्याकाळी तिचा चहा गार झाला. “गप्प बसले असते तर यंत्र राहिलं असतं, काकू.” मी कप उचलून चहा पुन्हा गरम करायला नेला. पुढे तिने दुसरीकडे नोकरी धरली.

गेल्या आठवड्यात वस्तीतल्या त्या बाई पत्ता विचारत आमच्या फाटकाशी आल्या.

“ताई हायेत का?”

“गाव सोडून गेली ती.”

त्यांनी वरच्या बंद खिडकीकडे पाहिलं.

“मग आता आमी वरडायचं कुनावर?”