रेषेखालची सात नावं

ओर्डेला गॅस्किन्सला कुणी कलावंत म्हटलं असतं, तर तिने त्याला रंगाच्या डब्यासकट अंगणाबाहेर काढलं असतं. ती पेंटर होती. बापही पेंटरच. टॅलो बेंडमधली न्हाव्याच्या दुकानाची पाटी, हॅटीच्या टपरीवरचं तळलेल्या माशाचं चित्र, तिन्ही चर्चचे फलक, हायवेवर पीच विकणाऱ्यांचे बोर्ड, सगळं या बापलेकीच्या हातचं. जॉर्जियातल्या आमच्या या कोपऱ्यात रस्त्यावर अक्षर दिसलं की ते गॅस्किन्सांचं, असं डोळे मिटून सांगावं. ती बावन्न वर्षांची होती, नवरा नव्हता, शिडीवर चढताना गुडघे कुरकुरायचे, आणि जीभ अशी की समोरच्याने दोन पावलं मागे उभं राहून बोलावं.

एकोणीसशे शहात्तर साल उजाडलं आणि देशाला दोनशे वर्षं होणार म्हणून गावाला अगदी वेड लागलं. जे दिसेल त्यावर तारे आणि पट्टे. रस्त्याकडेला आग विझवायचे पाण्याचे नळ असतात, त्यांना जुन्या सैनिकांचे निळे कोट रंगवायची टूम निघाली. ओर्डेलाने एकट्या मे महिन्यात असे सत्तावीस नळ फौजेत भरती केले. दातांच्या डॉक्टरने खुर्चीच्या पाठीवर झेंडा काढून घेतला, म्हणजे पेशंटने आ वासून देशभक्ती करायची. ओर्डेला हसत हसत सगळी कामं घ्यायची. झेंड्याशी तिचं काही वाकडं नव्हतं. तिचा काका त्या झेंड्यासाठी मेला होता, त्यामुळे त्यावर आपला इतरांइतकाच हक्क आहे, असं ती ठणकावून सांगायची. ऐकणारे मान डोलवायचे आणि विषय बदलायचे.

मग जूनमध्ये कोर्टासमोरच्या फलकाचं काम आलं.

हा लाकडी फलक दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या गावच्या पोरांचा. एकूण अडतीस नावं. वर एबीसीडीच्या क्रमाने एकतीस, मग बोटभर जाडीची काळी रेष, आणि रेषेखाली सात. वरचे सगळे गोरे, खालचे सात काळे. हे फलकावर कुठे लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. दर चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, सोहळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष टोपी काढून फलकाकडे तोंड करून उभा राहायचा आणि एकेक नाव वाचायचा. लोकांकडे पाठ, नावांकडे तोंड, ही गावची रीत. नाव घेतलं की वर कोर्टाच्या मनोऱ्यात घंटेचा एक टोल पडायचा आणि त्या पोराच्या घरचे उठून उभे राहायचे, टोल विरला की बसायचे. वाचन रेषेपाशी थांबायचं. त्या सातांच्या घरचे मागे पेकनच्या झाडाखाली घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले असायचे, ते बसूनच राहायचे. काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचा कायदा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण खुर्च्या आपल्या आपण तशाच लागायच्या.

सातांतलं पहिलं नाव एझेल गॅस्किन्स. ओर्डेलाचा काका, तिच्या बापाचा धाकटा भाऊ. फ्रान्समध्ये दारूगोळ्याचा ट्रक चालवताना गेला. आणि एकोणतीस वर्षांपूर्वी हा फलक रंगवला होता तिच्या बापाने, अमोस गॅस्किन्सने. रेषही त्यानेच ओढली होती.

कमिटीचा अध्यक्ष हॉयट गॅरेट ट्रॅक्टर विकायचा. त्याचा थोरला भाऊ कार्लटन वरच्या एकतिसांत होता, आणि भावाचं नाव वाचताना हॉयटचा गळा दरवर्षी खराखुरा दाटायचा, हे ओर्डेलाही मान्य करायची. वयाने तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तरी तो तिला नावाने अगं-तुगं करायचा आणि ती त्याला साहेब म्हणायची. आमच्याकडे वय असं मोजत असत.

"आहे तसाच करून दे," हॉयट म्हणाला. "अक्षर न् अक्षर. तुझ्या बापाचा हात होता, तोच दिसला पाहिजे."

"आणि रेष, गॅरेटसाहेब?"

"रेषही. तो इतिहास आहे, ओर्डेला. दोनशे वर्षं साजरी करतोय आपण, आणि इतिहासच पुसायचा?"

ओर्डेला तशीच घराकडे निघाली. ती गप्प बसली की घरच्यांना धडकी भरायची, पण हॉयट काही तिच्या घरचा नव्हता.

घरी आली तर अमोस ओसरीवर बसून घेवडा सोलत होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, नजर अधू झालेली, पण शेंगा बोटांनीच बरोबर कळायच्या. तिने काम सांगितलं. ती हे काम घेणार नाही, असंही सांगितलं. म्हातारा म्हणाला, घे. पैसे देतायत, रंगव. मी ओढली होती, तूही ओढ. त्यावेळी कोर्टाचे दोन कारकून शेजारी उभे राहून बघत होते, अमोसने रेषेच्या जागी नुसती मोकळी जागा सोडून पाहिली होती, तर त्यांनी फूटपट्टी आणून हातात दिली. घरी आल्यावर त्याची बायको एवढंच म्हणाली की, तू आपल्या सख्ख्या भावाला दाराबाहेर उभं करून आलास. ती पुढे वीस वर्षं जगली, पण हे वाक्य तिने परत घेतलं नाही.

"घर चालवायचं होतं," अमोस म्हणाला. "तुझ्याकडे बघून ओढली."

"माझ्याकडे बघून ओढली म्हणू नका, बाबा. मी तेवीस वर्षांची घोडी होते, ब्रश धरत होते. मला विचारलं असतंत तर मी फूटपट्टी मोडली असती."

हे बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं काही वाटलं नाही. आईवर गेली होती. अमोसने दोनचार शेंगा सोलल्या, दाणे टोपलीत टाकले, आणि खाली बघत म्हणाला, "मरायच्या आधी एकदा एझेलच्या नावाचा टोल ऐकायला मिळाला असता तर बरं झालं असतं. एवढंच. ते काही होत नाही. तू रेष ओढ आणि मोकळी हो."

त्या मिनिटाला ओर्डेलाने काम घेतलं. रेष ओढायला मात्र नव्हे.

या धंद्याची एक पद्धत आहे. जुनी पाटी पुन्हा काढायची तर तिच्यावर मोठा कागद लावून अक्षरं छापून घ्यायची. मग दातेरी चाक फिरवून अक्षरांच्या कडेने बारीक भोकं पाडायची. कागद नव्या फळीवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत गेलं की ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं फळीवर उमटतात, त्यांत रंग भरायचा. ओर्डेलाने असा कागद केला, रेषेसकट. हॉयट तिच्या रंगकामाच्या शेडवर आला, त्याने कागद उजेडात धरून पाहिला, भावाच्या नावावरून बोट फिरवलं, खुश झाला आणि खाली सही ठोकून गेला. त्याची गाडी वळणापलीकडे गेल्यावर ओर्डेलाने शेडचं दार आतून लावलं आणि कात्री घेतली.

अडतीस पट्ट्या झाल्या. एकोणचाळिसावी रेषेची, ती तिने चुलीत घातली. पट्ट्या टेबलावर एबीसीडीच्या क्रमाने लावायला घेतल्या. ॲबरनॅथी, बर्च, कॉनली. लावता लावता ती थबकली. गॅरेट, कार्लटनच्या लगेच खाली गॅस्किन्स, एझेल येत होता. आजवर या दोघांच्या मध्ये अख्खा फलक होता, आता चार बोटं अंतर राहिलं. ओर्डेला स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ही खोडी तिची नव्हती, ती एबीसीडीने केली होती. मग तिने डोळे पुसले, पट्ट्या चिकटवल्या आणि पुरचुंडी उचलली. बापाचं एकही अक्षर तिने बदललं नाही. त्याच्या आर अक्षराचा पाय जरा पुढे निघतो, तोही तसाच पुढे काढला.

तीन जुलैला तिने फलक कोर्टासमोर उभा केला आणि वर पांढरी चादर बांधून टाकली. हॉयटने चादरीचं टोक उचलून बघायचं म्हटलं, तेव्हा तिने त्याला रंग ओला असल्याचं सांगितलं. हात लावाल तर कार्लटनच्या नावावर तुमचा अंगठा उमटेल, पुढची तीस वर्षं. हॉयटने हात मागे घेतला.

चार जुलै रविवारी आला. चर्च सुटल्यावर सगळं गाव कोर्टाच्या हिरवळीवर. चारपाचशे माणूस, जीव नकोसा करणारं ऊन, उकडलेल्या शेंगदाण्यांचे द्रोण, शाळेचा बँड घामाने निथळतोय. अमोसला तिने मागे पेकनखाली त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. त्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो आलाच नसता, किंवा रात्रीतून कमिटीला सांगून आला असता. भीती माणसाला काय काय करायला लावते ते तिला ठाऊक होतं, त्यात बापाचा अपमान तिला वाटत नव्हता.

घंटा ओढायला कोर्टाचा झाडूवाला लॉनी स्ट्रोझियर मनोऱ्यात चढला होता. तिथून त्याला खालचं काही दिसत नसे. तो कर्ण्यातून येणारा आवाज ऐकायचा. एक नाव, एक टोल, हा त्याचा हिशोब.

चादर ओढली. टाळ्या पडल्या. मागे बसलेल्यांना नावं वाचता येत नव्हती, पुढच्यांना फलक नुसता झकास दिसत होता, रेष शोधायला कुणी गेलं नाही. हॉयटने टोपी काढली, लोकांकडे पाठ केली आणि वाचायला लागला. ॲबरनॅथी. टोल. घरचे उठले, बसले. इतकी वर्षं वाचून नावं त्याच्या जिभेवर बसली होती. डोळे फक्त सोबतीला पाटीवर फिरत होते. मग त्याचा भाऊ कार्लटन आला. त्याची म्हातारी मावशी उभी राहिली, टोल पडला, ती बसली. हॉयटने डोळे पुसले आणि ओल्या डोळ्यांनी पुढची ओळ वाचली.

"गॅस्किन्स..."

तो तिथेच अडकला. पण वर लॉनीला कुठे काय दिसत होतं? त्याने ऐकलं आणि दोर ओढला.

टोल पडला. हिरवळीवर कुणी हललं नाही. मागे पेकनखाली खुर्ची कुरकुरली आणि अमोस गॅस्किन्स उठून उभा राहिला.

हॉयट वळला. मान लाल झालेली. कर्ण्यातूनच म्हणाला की फलकात मोठी चूक झालेली आहे, ती दुरुस्त होईल, ओर्डेलाने ताबडतोब पुढे यावं. ओर्डेला आली. येताना डब्यातला ब्रश घेऊन आली. सगळ्या गावासमोर गॅरेटसाहेबांनी मला बोलावलं आहे, तेव्हा सगळ्या गावासमोरच बोलू, असं तिच्या चालण्यातच होतं.

"मी सही केली होती, ते हे नव्हे," हॉयट म्हणाला.

"अक्षर न् अक्षर तेच आहे. मोजून घ्या."

"रेष कुठे आहे?"

तिने ब्रश त्याच्यापुढे धरला. "तुम्ही ओढा. माझ्या बापाकडून एकदा ओढून घेतलीत, माझ्याकडून मिळायची नाही. कुठे ओढायची तेवढं बघून घ्या. कार्लटनच्या खाली ओढलीत तर एझेल रेषेखाली जाईल, पण त्याच्या मागोमाग हॅडलींचा पोरगा जाईल, मॅक्रेंचा जाईल, पार तळापर्यंत सगळे जातील. या, शिडी मी धरते."

पहिल्या रांगेत हॅडलीबाई बसल्या होत्या. नव्वदीच्या, पोराचं नाव घेतलं जाण्याची वाट बघत केव्हाच्या उन्हात. काळ्यांचं भलं व्हावं असं त्यांच्या मनात कधी आल्याचं कुणाला आठवत नाही. त्या काठी आपटून म्हणाल्या, "हॉयट, माझ्या पोराला रेषेखाली घातलंस तर बघ. वाच पुढे. मला ऊन लागतंय."

हॉयटने ब्रशकडे पाहिलं. घेतला नाही. ओर्डेलाचा हात तसाच पुढे राहिला, बराच वेळ, आणि तिने तो खाली घेतला नाही. शेवटी हॉयट कर्ण्यात पुटपुटला की गैरसमज झालेला दिसतो, आणि त्याने पुढचं नाव वाचायला फलकाकडे तोंड केलं.

"पूर्ण घ्या," मागून आवाज आला. अमोसचा आवाज त्या हिरवळीवर आजवर कुणी ऐकला नव्हता. "आडनाव घेतलंत, आता नाव घ्या."

हॉयट गॅरेट फलकाकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर भावाचं नाव होतं आणि त्याखाली चार बोटांवर हे. "गॅस्किन्स, एझेल," तो म्हणाला, जेमतेम ऐकू येईल असं. लॉनीला ऐकू गेलं. एझेलला दोन टोल मिळाले.

मग हॅडली झाला, मग हॉल्सी झाला. हॉल्सी सातांतला दुसरा. त्याची बहीण पेकनखालून उठली, रूमाल तोंडावर धरून. मॅक्रे, मग पर्विस. उठणारी माणसं आता कधी पुढून, कधी मागून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी निघूनही गेलं नाही. अडतीस नावं संपली तेव्हा हॉयट टोपी हातात घेऊन सरळ गाडीकडे चालता झाला. त्या दिवसानंतर कोर्टाचं एकही काम ओर्डेलाला मिळालं नाही. तिने मागितलंही नाही.

ती मागे आली, तेव्हा बाकीचे सगळे बसले होते आणि म्हातारा अजून उभा होता. खुर्चीच्या पाठीला धरून, गालांवर घाम की आणखी काही ते तिने बघितलं नाही. नाव होऊन गेलं की बसायचं असतं, त्याला काय सांगायला हवं होतं? ती म्हणाली, "बसा आता, बाबा. पडाल."

"बसतो गं," अमोस म्हणाला. "एकोणतीस वर्षं बसूनच तर होतो."