रुमालाआडचं बोलणं

शेडच्या दारात पोचले की जॉबरकाका आधी खिशातून रुमाल काढायचे, त्याची तिरकी घडी घालायचे आणि नाकापासून हनुवटीपर्यंत तोंड झाकून मागे पक्की गाठ मारायचे. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "धूळ हाय ना." मग पाना उचलून कामाला लागायचे.

तुम्ही म्हणाल, यात संशय घेण्यासारखं काय आहे? पॉवरलूमच्या शेडमध्ये कापसाचा भुगा उडतो, माणूस तोंड झाकणारच. पण निजामपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये तासभर उभे राहिला असतात, तर तुम्हालाही खटकलं असतं. चोवीस लूम एकदम चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला गावी मुलगी झाल्याचं असं कळवतो आणि तो तिथूनच मिठाई मागतो. वर्षभरात ही विद्या कुणालाही येते, तशी मलाही आली. अशा जागी तोंड झाकणं म्हणजे चारचौघांत बसून कुणाच्या तरी कानात कुजबुजणं. शिवाय काकांचे ओठ रुमालाखाली सतत हलत असत. कापड आतबाहेर होताना मला स्वच्छ दिसायचं.

मी त्या शेडचा सुपरवायझर होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला, तर त्या दिवशी पाणी जास्त घातलंय असं मी धरून चालायचो. त्यामुळे काकांसारखा माणूस म्हणजे मला दिवसभराचा उद्योगच होता.

जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. हे काका त्यात एक नंबर. पन्नाशीचे, खाडीकाठच्या गावचे, कशेळीच्या अलीकडचे. रिक्षा थेट शेडपर्यंत येत असताना हे बरंच आधी उतरून चालत यायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "चाललं का डोकं हलकं व्हतं, भाऊ." मला पटलं नाही. वाटेत कुणाला तरी भेटत असणार! एक दिवस मी चक्क त्यांच्या मागे मागे गेलो. वाटेत त्यांनी एका शेळीकडे पाहिलं, केळीवाल्याला हात केला आणि सरळ शेडमध्ये आले. मी पाठलाग करतोय हे त्यांनी ओळखलं, असा निष्कर्ष मी काढला.

दुपारी जेवण झालं की ते नळावर पाय धुवायचे आणि मागच्या भिंतीला टेकून दहा मिनिटं उन्हात डोळे मिटून बसायचे. झोपायचे नाहीत, नुसते बसायचे. आमच्याकडे मोकळा वेळ मिळाला की माणूस झोपतो, बिडी ओढतो किंवा मालकाला शिव्या देतो. यातलं काहीच न करणारा माणूस कसला तरी हिशेब करतोय, अशी माझी खात्री होती. आणि डबल शिफ्टला तर साफ नकार. सगळे ज्या कामासाठी माझ्या मागे लागत, त्याला हे हात जोडून म्हणायचे, "झोपंला दगा द्यायचा न्हाय."

जादा काम नको म्हणणाऱ्या माणसाचं दुसरीकडे काहीतरी चालू असतं, हे मी शेठच्या कानावर घालून ठेवलं होतं.

मग एके दिवशी विजेचे मीटरवाले आले. आमच्या मीटरची जरा भानगड होती, ती बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण ते आले आणि सरळ मीटरपाशी गेले. ते गेल्यावर शेठ म्हणाला, "अंदर का आदमी है कोई." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून लगेच निघालं, "रुमालवाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लूम चालू असताना शेठ शेडमध्ये येऊन उभा राहिला. मी काकांना खूण केली, रुमाल काढा. त्यांनी शेठकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गाठ सोडून रुमाल खांद्यावर टाकला आणि पुढच्या लूमवर वाकले. थोडा वेळ ओठ घट्ट मिटलेले होते. पण बारीक काम सुरू झालं, हात धोट्याच्या पेटीत गेले, तसे ओठ आपोआप हलू लागले.

शेठने मला ओठांनी विचारलं, "क्या बोलता है?" विणकरांच्याही माना वळल्या. ते सगळे उत्तरेकडचे, त्यांना ओठांवरची मराठी वाचता येत नव्हती. त्या शेडमध्ये काकांचं बोलणं वाचू शकणारा मी एकटाच होतो. देवाचं नाव घेतायत, असं सांगून मोकळा होऊ शकलो असतो. हे मला नंतर सुचलं, आणि नंतर फार वेळा सुचलं. त्या क्षणी मात्र गुपित हाती लागल्याचा आनंदच एवढा होता, की मी शब्दाला शब्द हिंदीत करून ओठांनी सगळ्यांना पोचवत गेलो. "ये मेरा हाथ है. आज बुधवार है. डर आया है, चला जाएगा. शाम को घर जाना है."

लूमच्या खडखडाटात हसणंही ऐकू येत नाही, नुसते दात दिसतात. काकांनी मान वर केली तेव्हा त्यांना शेडभर दात दिसले.

मीटरवाल्यांशी या माणसाचा काही संबंध नाही, हे शेठलाही कळलं. "पागल है, चोर नहीं," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, चला, काकांची सुटका झाली.

पण विणकरांना खेळ मिळाला होता. येताजाता कुणीतरी विचारायचं, "चाचा, आज कौनसा वार है?" पहिल्या दिवशी काकांनी सरळपणे "गुरवार" म्हणून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून नुसते हसायचे. मी कुणाला अडवलं नाही. रुमाल पुन्हा तोंडावर आला, पण आता त्याखाली काही हलत नव्हतं. हे फक्त माझ्या लक्षात आलं, कारण पाळतीवर मीच होतो. आणि खरं सांगतो, त्याचाही मला संशयच आला. आता हा काय लपवतोय, असं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी पाना पडलेला दिसला म्हणून मी पुढे गेलो. काका लूमपाशी खाली बसले होते. उजव्या हाताने डावं मनगट धरलं होतं आणि त्या मनगटाकडे एकटक बघत होते. मी लूम बंद केला, त्यांच्या तोंडावरचा रुमाल खाली ओढला. त्यांचे ओठ हलले, "आज कंचा वार, भाऊ?"

ते थट्टा करत नव्हते.

"शनिवार," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मी त्यांना धरून बाहेर नेलं आणि रिक्षात बसवलं. त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत.

पुढे गल्लीत बोलणं निघालं तेव्हा कळलं, मीटरवाल्यांनी त्या दिवशी सगळी गल्लीच तपासली होती. दारोदार फिरत आले, आमची शेड सातवी. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

मी त्यांच्या गावी गेलो. दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं नाही.

"तुमी कशाला आलाव? मीटरचं इचाराया?"

"नाही काकू. काकांना बघायला आलो."

"झोपलंत. उठवनार न्हाय मी." मग दारातूनच त्यांनी सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी काकांना असंच झालं होतं. लूमवर उभं असताना छाती धडधडायची, हात आपले वाटायचे नाहीत. ठाण्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि रोजच्या चार गोष्टी लावून दिल्या. झोप मोडायची नाही, चालायचं, उन्हात बसायचं, आणि भीती आली की स्वतःशी हळू बोलत राहायचं. "गोल्या सुटल्या, बोलनं सुटलं न्हाय. त्याच्यावरच उबा व्हता मानूस."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं असतं तं चालू लूममदी हात घालू दिला असता तुमी?"

आम्ही दिला नसता. मी स्वतः पहिला शेठकडे गेलो असतो. माझं चुकलं, असं मी काकूंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "मना सांगून काय?" आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर काका मला एकदाच दिसले. दीडेक वर्षाने असेल. कशेळीला ट्रकांच्या रांगेत माझी रिक्षा अडकली होती आणि समोरच्या गोदामाच्या फाटकात ते उभे होते, गाड्या आत सोडायच्या कामावर. तोंड उघडं होतं आणि ओठ चालू होते. मला इतकं बरं वाटलं, की मी पैसे देऊन तिथेच उतरलो आणि रस्ता ओलांडला.

मला पाहिल्यावर त्यांचे ओठ मिटले.

"कसे आहात, काका?"

"बरा हाय. गोल्या परत चालू हायेत. झोप लागते." मग त्यांनी मलाच विचारलं, "तू झोपतंस का नीट?"

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. "जाऊ दे भाऊ. उशीर व्हईल तुला." मी शेडच्या गोष्टी काढल्या. ते ऐकत राहिले, आणि पुन्हा म्हणाले, "उशीर व्हईल." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी निघालो.

थोडं पुढे जाऊन वळून पाहिलं. ते माझ्याकडेच तोंड करून उभे होते. रागावलेले नव्हते, मी जायची वाट बघत नुसते थांबले होते, ओठ मिटून. ओठ किती लांबून वाचता येतात हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी पावलं उचलली, एका कंटेनरच्या आड गेलो आणि त्यांना दिसणार नाही अशा बाजूने ठाण्याच्या दिशेने चालू लागलो.