पुठ्ठा

परवा चामराजपेटात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरचा वास आला आणि आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ शिवण्णा आठवले.

तेव्हा मी संशोधक विद्यार्थी होतो. प्रकाश पडल्यावर नमुन्यात उठणारा क्षीण विद्युत संकेत आम्ही गोंगाटातून वेचत होतो. एके दिवशी यंत्रावर पहिल्यांदाच आकडा स्थिरावला. मी पेढे वाटले.

शिवण्णा हळूच म्हणाले, "स्वल्प, जरा प्रकाश झाकून बघा की."

"तुम्ही तुमचं सोल्डरिंग बघा," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

सगळे गेल्यावर मी किरणासमोर पुठ्ठा धरला. आकडा हललाच नाही. म्हणजे तो प्रकाशामुळे उठलेला संकेत नव्हताच, नुसता गोंगाट होता.

सकाळी माझ्या मार्गदर्शक मॅडमना म्हणालो, "मला शंका आली, म्हणून झाकून पाहिलं." त्यांनी शाबासकी दिली.

शेजारीच सोल्डर करणाऱ्या शिवण्णांनी मान वर केली नाही. कालचा पेढा त्यांच्या टेबलावर तसाच होता.