ग्राँ बेतली पाठराखीण

लग्न झाल्यावर नवऱ्याने मला समुद्रकाठच्या हॉटेलात न्यायचं ठरवलं आणि घरच्यांनी माझ्याबरोबर आत्याला पाठवलं. यात हसण्यासारखं काही आहे हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्यामागे माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. कोकणातून मॉरिशसला उसाच्या मजुरीवर आलेल्या आमच्या पणज्यांनी जे काही थोडंफार बरोबर आणलं, त्यात ही रीतही होती. आता नवरी सासरच्या आधी चार दिवस हॉटेलात राहणार, म्हणून पाठराखणीला घरी ठेवायचं का, असा प्रश्न निघाला. मग तिथे तर तिची जास्तच गरज, असं माझ्या बापाने सांगून टाकलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आम्ही मोंतान्य ब्लांशचे, म्हणजे बेटाच्या पोटातले, चारी बाजूंनी ऊस. नवरा उत्तरेकडच्या पेती राफ्रेचा, साखर कारखान्यात फिटर. कारखान्यातले साहेब लोक लग्न झालं की ग्राँ बे या समुद्रकाठच्या गावी हॉटेलात जाऊन राहतात हे त्याने पाहिलं होतं, आणि आपणही जायचं हे त्याच्या मनाने घेतलं होतं. लग्नाआधी मी त्याला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा भरल्या घरात. तो कमी बोलायचा. कमी बोलणारा माणूस शांत असतो की नुसता गप्प असतो, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि त्याची मला मनापासून भीती वाटत होती.

आत्याबद्दल सांगायला हवं. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते बापाच्या या थोरल्या बहिणीने. ती मळ्यात मजुरीला जायची, डोक्यावर गवती टोपी, पायात बूट, हातात कोयता. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. ती नवऱ्याला सोडून आलेली होती, एवढंच मला ठाऊक होतं. का, ते घरात कुणी बोलत नसे, आणि तिला विचारायची माझी छाती नव्हती.

हॉटेल म्हणजे किनाऱ्यावरच्या थाटाच्या हॉटेलांपैकी नव्हे. रस्त्याच्या आतल्या अंगाला, सुरूच्या झाडांमागे, दुमजली सिमेंटची इमारत आणि वर पत्रा. मालकीण एक जाडजूड क्रेओल, म्हणजे तिथली आफ्रिकी वंशाची बाई होती. खोलीत लोखंडी पलंग, मच्छरदाणी, एक खुर्ची. न्हाणीघर सगळ्यांचं एकच, आणि नळाला पाणी आलं तर आलं. डिसेंबरचा उकाडा असा की पत्र्याखाली दुपारी श्वास घेणंही नकोसं व्हायचं. आम्ही तिघं दारात उभे राहिलो तेव्हा मालकिणीने आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग बोचकं छातीशी धरलेल्या आत्याकडे पाहिलं. नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने शेजारची अडगळीची खोली आत्यासाठी मागून घेतली आणि आमच्याकडे न बघता वर गेला.

पहिल्याच सकाळी आत्याने आपलं ओलं लुगडं व्हरांड्याच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलं. खाली गोरे पाहुणे पाव-लोणी खात बसले होते. लुगड्याचं पाणी त्यांच्या टेबलावर ठिबकायला लागलं. मालकिणीची बोलणी नवऱ्याला खावी लागली. त्याने लुगडं काढलं, पिळलं, मागच्या अंगणात नेऊन घातलं. मग आत्याला चहा फार गोड लागला, दुसरा आणला तो गार लागला. दुपारी ती त्याच्या नव्या चपला घालून समुद्रावर गेली आणि भिजवून, वाळू भरून घेऊन आली. त्याने चपला झटकल्या. जबडा तेवढा घट्ट झाला, मग तो खाली जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. वरून मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने एका कोळ्याची होडी ठरवली होती. आम्ही दोघांनी समोरच्या बेटापर्यंत जायचं होतं. मी नवी साडी नेसले, वेणी घातली. पायऱ्या उतरायच्या वेळेला आत्याला चक्कर आली. ती भिंतीला धरून बसली आणि मला सोडून जाऊ नका म्हणाली. मी तिला लहानपणापासून ओळखत होते. रणरणत्या उन्हात दिवसभर ऊस तोडणाऱ्या या बाईला कधी साधी शिंक आलेली मी पाहिली नव्हती. नवऱ्याने मला हाताने थांब अशी खूण केली आणि एकटाच कोळ्याला नको सांगायला गेला.

माझं पित्त खवळलं. मी दार लोटलं आणि तिला वाट्टेल ते बोलले. माझा संसार सुरू व्हायच्या आत मोडायचाय का तुला, तुझा मोडला म्हणून माझाही मोडायचा का, इथपर्यंत मी गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, उजवा कान माझ्याकडे करून. मग तिने उठून दार पुन्हा उघडलं, जिन्यावर कुणी नाही हे बघितलं.

"म्या त्याला राग आनतेय," ती म्हणाली. "रागात त्याचा हात काय करतो, ते बघितल्याबिगर मी जायाची नाय."

मग तिने आपलं सांगितलं. तिचं लग्न कार्तिए मिलितेरला झालं तेव्हा घरात पाठवायला बाई नव्हती. ती एकटीच गेली. सगळ्यांसमोर तिचा नवरा गोड बोलायचा, सणावारी भावांना जेवायला वाढायचा. त्याला रागावलेलं फक्त तिने पाहिलं होतं, आणि तिचं कोण खरं मानणार. त्याच्या थपडेने कान गेला तेव्हा कुठे माहेरी पटलं. आपल्या घरातली एकही पोरगी यापुढे एकटी जाणार नाही, असं तिने तेव्हा ठरवलं होतं. पाठराखीण म्हणजे नवरीच्या वेण्या घालायला आणि हळदीकुंकवाला बसायला जाते असं सगळ्यांना वाटतं. तिच्या मते पाठराखीण म्हणजे साक्षीदार.

मला तिच्या पायाशी बसून रडायचं होतं आणि तिला पुढच्या बसने परतही पाठवायचं होतं. वर तिने बजावलं की त्याला यातलं काही कळता कामा नये. कळलं की तो जपून वागेल, आणि जपून वागणारा माणूस बघायला ती इतक्या लांब आली नव्हती.

त्यानंतर त्या हॉटेलात माझं जेवणात लक्ष लागेना. आत्या चमचा हातात घेई तरी मी नवऱ्याच्या हाताकडे बघे. संध्याकाळी नवरा मला एकटीला किनाऱ्यावर घेऊन गेला. सुरूखाली बसून त्याने मला भाजलेल्या शेंगांची पुडी दिली आणि आत्याला इथे करमत नाही का, असं हळूच विचारलं. सांगून टाकावं, सावध करावं, असं अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर हा माणूस मला कधी कळलाच नसता. मी शेंगदाणे खात बसले. तो बिचारा एकेक टरफल चुरडत समुद्राकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं खोलीत जेवत होतो. मालकिणीने वर भात, डाळ आणि मोहरी-हळदीतली मासळी पाठवली होती. नवऱ्याने मित्राकडून एक ट्रान्झिस्टर मागून आणला होता, मला गाणी ऐकायला म्हणून. तो त्याला जिवापाड जपायचा, कारण वस्तू दुसऱ्याची. खिडकीत तो वाजत होता आणि खिडकीखाली पाण्याने भरलेली बादली होती. आत्या हात धुवायला उठली आणि तिच्या कोपराने ट्रान्झिस्टर बादलीत गेला. ते मुद्दाम होतं की खरंच धक्का लागला, हे तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नवरा ताटावरून उठला. मी त्याच्या आधी बादलीत हात घातला, ट्रान्झिस्टर वर काढला आणि पदराने पुसायला लागले. पुसता पुसता माझ्या हातून तो पुन्हा निसटला आणि फरशीवर आपटला. नवऱ्याने माझं मनगट धरलं. त्याचा दुसरा हात वर गेला. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. मी डोळे उघडले तेव्हा त्याचा हात अजून वरच होता आणि तो माझ्याकडे नाही, त्या हाताकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने माझं मनगट सोडलं आणि तो अनवाणीच खाली निघून गेला. आत्या भिंतीशी उभी होती, हात ओला तसाच.

"मो फिन त्रुवे," ती बेटावरच्या क्रेओल बोलीत म्हणाली. "म्या बघितलं. हात उठला."

मी म्हणाले, "पन मारलं नाय ना त्यानं."

"मी हुबी व्हते म्हून."

ती उभी नसती तर हात खाली आला असता की नसता, हे कुणी सांगायचं? आत्या माझे कपडे पिशवीत भरायला लागली. लग्नातल्या साड्या, पावडरचा डबा, आरसा. मी तिला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही. मी पलंगावर बसून राहिले. नवरी चार दिवसांच्या आत माहेरी परत आली तर गावात काय बोलतील, बापाला देवळात कोण काय विचारील, हे सगळं मला दिसत होतं. आणि आत्याचा कानही दिसत होता.

बस थांब्यावर झाडाखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो. एका बाजूने पोर्ट लुईची बस येणार, तिथून पुढे आमच्या गावाला जाता आलं असतं. समोरच्या बाजूने पेती राफ्रेची. नवरा किनाऱ्याच्या भिंतीवर बसला होता, तिथून त्याने आम्हाला पाहिलं आणि रस्ता ओलांडून आला. माफी मागेल असं मला वाटलं होतं. त्याने नुसती पिशवीकडे नजर टाकली आणि मान खाली घातली. लांबून बसचा आवाज येत होता. आता बोलले नाही तर जन्मभर बोलणार नाही, हे मला कळलं.

मी त्याला विचारलं, "आत्या तिथं नसती, तर मला मारलं असतंस?"

आमच्याकडे बायका नवऱ्याला असं अरेतुरे करून, तेही भर रस्त्यात, विचारत नसत. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. पोर्ट लुईची बस येऊन थांबली, दोन माणसं उतरली. कंडक्टर आमच्याकडे बघत होता. नाही म्हणणं किती सोपं होतं. कुठल्याही पुरुषाने नाही म्हटलं असतं, आणि मी मान डोलवून कुठल्या तरी एका बसमध्ये बसले असते.

"मो पा कोने," तो म्हणाला. "ठाव नाय मला. कुनी समोर असलं तरी माझा बाप हात थांबवायचा नाय."

बस गेली. आत्याने तिला हात केला नाही. ती त्याच्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिली की तो घामाने भिजला. मग तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि आपलं बोचकं उचललं.

"बरं, मग मी बी येते," ती म्हणाली. "घर दाव."

तशी ती समोरच्या बसने आमच्याबरोबर पेती राफ्रेला आली. पाठराखीण चार-सहा दिवस राहते, फार तर महिना. आत्या परत गेलीच नाही. सासरचे कुरकुरले, मग थकले. ती आमच्या वांग्या-मिरच्यांच्या मळ्यात राबायची, मुलांना न्हाऊ घालायची आणि नवऱ्याशी दिवसभर भांडायची. तो रागीट निघाला, चांगलाच रागीट. ताट भिरकावायचा, दार आपटायचा. अंगाला मात्र त्याने हात लावला नाही, माझ्या नाही आणि मुलांच्याही नाही. मी सुखात होते असं म्हणायला हरकत नाही. पण ते सुख कुणाचं, त्याच्या स्वभावाचं की आत्याच्या नजरेचं, हे मला कधी उलगडलं नाही. मला ते बोचायचं, आणि त्यालाही बोचत असणार.

आत्या गेली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिच्या अंगावर घालायची साडी आणायला नवरा स्वतः पोर्ट लुईला गेला, रेशमी घेऊन आला. इतकी भारी कशाला, असं सासूने विचारलं. पाठराखणीला परत पाठवताना साडी द्यावी लागते, असं तो म्हणाला.

दिवस-कार्य उरकलं, माहेरची माणसं गेली, मुलं शाळेत गेली. सासूही लेकीकडे गेली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात आम्ही दोघंच होतो. मी तांदूळ निवडत होते. तो आत आला, उगाच इकडून तिकडे फिरला, मग माझ्यापासून हातभर अंतर ठेवून जमिनीवर बसला.

"तुला भ्या वाटतंय?" त्याने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "वाईच."

तो म्हणाला, "मला बी."