कोटवालीची बटणं

शैलाकाकूंनी कपाट हलवलं नसतं, तर मी आज दोह्यात कोट शिवत बसले नसते. आधी त्यांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. माझी नववी झालेली, लिहायची सवय नाही. पण आधी कुणाचं नाव घ्यायचं, एवढं मला कळतं.

निघाले तेव्हा मे महिना होता. तासगावच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागलेली, अंगाची नुसती लाही, आणि मी उभ्या कॉलरचा, गुडघ्यापर्यंतचा राखाडी कोट घालून उभी. मीच शिवलेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, चार हात लांब थांबले होते, ओळख नसल्यासारखे. भाऊ म्हणाला, "ताई, काढ की ते. बँडवाला दिसतीयस." मी नाही काढला. विमानात एकटीनं बसायचं तर असंच बसायचं, हे मी बारा वर्षांची असल्यापासून ठरवलेलं. गर्दीतनं शैलाकाकू पुढं आल्या. अण्णांकडं बघितलंसुद्धा नाही. माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "जा गं गुप्तहेर. मला पण असला एक शिव कधीतरी."

"शिवते की, काकू," मी म्हणाले. त्याला सात वर्षं झाली. अजून शिवलेला नाही.

गुप्तहेर का म्हणायच्या, ते सांगते. आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये फक्त एक बोळ. सांडपाणी कुणाच्या दारातनं जायचं यावरनं अण्णांचं आणि काकूंच्या मालकांचं भांडण झालं. अण्णांनी मला बजावलं, "त्या घराची पायरी चढलीस तर तंगडं मोडून ठेवीन." टीव्ही होता तो त्याच घरात. रविवारी सकाळी त्यावर एक मालिका लागायची, त्यातली बाई हेर होती. तिचं नाव डोक्यात राहिलं नाही, मी तिला कोटवालीच म्हणायचे. भांडणानंतर दोन रविवार बुडाले. तिसऱ्या रविवारी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघते तर काकूंचं आरशाचं कपाट भिंतीपासून सरकून तिरकं झालेलं, आणि आरशात अख्खा टीव्ही!

मला वाटलं, माझं नशीब. काकूंनी घरात सांगितलेलं, भिंतीला ओल येतीय म्हणून हलवलं. मला टीव्ही दिसावा म्हणून हलवलं, हे खरं कारण मला कळलं ते निघायच्या आदल्या दिवशी, नळावर, त्यांच्याच तोंडून. तीन वर्षं ते जड कपाट तसंच तिरकं राहिलं. येता-जाता मालकांचं कोपर त्यावर आपटायचं आणि शिव्या काकू खायच्या.

आवाज काही ऐकू यायचा नाही. मी भाकरी थापत नुसती बघायचे. कोटवाली मिशीवाल्या साहेबाच्या टेबलापाशी यायची, दोन शब्द बोलायची, वळायची आणि चालू पडायची. मग कधी विमान, कधी बोट. मला वाटायचं, ती साहेबाला सांगतीय, "मी निघाले." बस, एवढंच. आमच्या घरात बाजाराला जायचं तरी आई विचारून जायची. मी तिची कॉलर, खांदा, कमरेचा पट्टा, बटणांची रांग, सगळं वहीत काढून ठेवलं. नववीनंतर अण्णा म्हणाले, "चिठ्ठी वाचता येती न्हवं? झालं मग." शाळा सुटली, वही राहिली. शिवणक्लास केला, लोकांचे ब्लाऊज शिवता शिवता तिशी उलटली आणि एक दिवस परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटला नमुना म्हणून तोच राखाडी कोट दाखवला.

इथं पहिल्याच दिवशी वर्कशॉपचे मुख्य कटर, लखनौचे मास्टरजी, म्हणाले, "लेडीज जॅकेट काटो." मी कोटवालीला डोळ्यांपुढं आणलं आणि कापून, शिवून दिलं. त्यांनी ते हातात धरून साऱ्या वर्कशॉपला दाखवलं. "अरे, ये तो मर्दाना बना दिया! बटन उल्टी तरफ!"

बायकांच्या कोटाची उजवी बाजू वर येते, पुरुषांची डावी. मी कोट शिकले होते आरशात, आणि आरशात उजवं ते डावं दिसतं. ब्लाऊजची हूकपट्टी मला पाठ होती, पण परदेशी कोटाचं वेगळं असेल असं मी धरूनच चालले होते. म्हणजे ज्या कोटात मी एवढ्या ताठ मानेनं विमानात बसले, तोही मर्दानाच. भावाचं काही चुकलं नव्हतं.

चार महिने मला मशिनवर बसू दिलं नाही, नुसती तुरपाई. परत पाठवतील या धास्तीनं मी डावं-उजवं घोकत बसायचे. आजही कात्री लावायच्या आधी तीनदा तपासते. पण ठेवून घेतलं त्यांनी. हे मी विसरत नाही.

आता अल सद्द भागातल्या आमच्या दुकानात मापं घ्यायला मी असते. पुण्या-नाशिकच्या मॅडम येतात. माझं मराठी ऐकून आधी खूष होतात. "अय्या, कुठली गं तू? शिक्षण?" नववी म्हटलं की पुढचं माप हिंदीत सांगतात. एकीची मुलगी माझ्याकडं बघत म्हणाली, "मम्मा, शी टॉक्स लाइक आजी." आई तिला दटावून गप्प करत होती. मला तर त्या दिवशी कुणीतरी आपलं म्हटल्यासारखं वाटलं.

या हिवाळ्यात माझी रूममेट सरिता, नेपाळची, फोनवर जुन्या मालिका शोधत होती. मी कोटवालीचं वर्णन केलं आणि तिनं ती काढून दिली. पहिल्यांदा आवाजासकट बघितली. कोट बरोबर उजवीकडनं बंद होत होता. मग ती मिशीवाल्या साहेबापुढं आली, आणि काय म्हणाली? "सर, मैं जाऊँ?" साहेब म्हणाला, "जाओ." दुसरा भाग लावला. "सर, मैं जाऊँ?" तिसरा बघवला नाही. जिच्या जिवावर मी तासगाव सोडलं, ती बाई दर रविवारी परवानगी मागत होती.

सरिता हसून म्हणाली, "दीदी, तो साउंड बंद करके देखो."

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. माझ्या पगारातनं पडलेल्या स्लॅबवर बसून आता ते सगळ्यांना सांगतात, पोरीला मीच शिकवली. बोलता बोलता म्हणाले, "पलीकडच्या शैलीला लकवा मारला. डावं अंग गेलं." मी म्हटलं, जाऊन बघून तरी या. तर म्हणाले, "त्या घराशी आपला काय संबंध?"

मी सुपरवायझरकडं गेले. ईदचा सीझन, अबायांचे, म्हणजे इथल्या बायकांच्या पायघोळ झग्यांचे, ढीग पडलेले. तोंडातनं शब्द निघाले, "सर, मैं जाऊँ?" माझ्याच कानांना ते ओळखीचे वाटले. ते म्हणाले, "ईद के बाद. इन्शाल्ला." तुम्ही इथं राहिला असाल तर तुम्हाला माहीत आहे. त्या शब्दात हो असतं आणि नाहीही असतं. गावाकडच्यांना ते कसं समजावायचं, मला अजून जमलेलं नाही.

शुक्रवारी काकूंना व्हिडिओ कॉल केला. तोंड थोडं वाकडं झालंय, जीभ तीच आहे. "काय गं गुप्तहेर, कुठल्या देशात लपलीयस?" मग हळूच म्हणाल्या, "ब्लाऊजचे हूक सून लावती. रोज लावती, आणि रोज एक सुस्कारा टाकती. आता तर गाऊनच अडकवून ठेवलाय. बाहेरच्या खोलीत कोण आलं तर मी आतच बसती." कपाट ढकलणारी बाई स्वतःच्या घरात लपून बसलीय.

फोन ठेवला आणि ओढणीनं डावा हात अंगाशी बांधून घेतला. वर्कशॉपमधले दोन्ही तऱ्हेचे कोट आणून, घालून बघितले. बायकांच्या कोटाला एका उजव्या हातानं बटणं लावताना घाम फुटला. मर्दान्याची मात्र पटापट लागली, सगळी. सरिताला वाटलं मला वेड लागलं. मी हसत होते की रडत होते, मलाही सांगता येणार नाही.

काकूंच्या कोटासाठी राखाडी कापड आणलंय. आत मऊ अस्तर घातलंय, हलकं आहे, बटणं रुपयाएवढी मोठी. मास्टरजींनी बघून कपाळाला हात लावला, "फिर से उल्टा?" या खेपेला मी तीनदा तपासलं नाही.

लोक विचारतात, घरची आठवण येते का. येते, पण नव्या स्लॅबची नाही. मला आठवते बोळापलीकडची ती पायरी, जी मी कधीच चढले नाही.

काकू, हा कोट मी पार्सलनं पाठवणार नाही. सुट्टी ईदनंतर मिळो की आणखी उशिरा, मी घेऊन येणार. इथं साहेबाला विचारल्याशिवाय विमानात बसता येत नाही, ते मी विचारीन. पण गावात उतरल्यावर अण्णांना विचारणार नाही. भर सकाळी, ते स्लॅबवरनं बघत असताना, तुमची पायरी चढीन. तुम्ही तुमच्या हातानं बटणं लावा आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसा. मी समोर बसलेली असेन. तुमच्या कपाटाची फेड एवढ्यानं होणार नाही, पण सुरुवात तिथनं करीन.