केवळाबाईची हजेरी

केवळाबाई गडदे हिला मेंढरं मोजता येत नव्हती. पाऊणशे मेंढरं संध्याकाळी वाड्यात शिरताना ती दाराला पाय लावून बसायची आणि एकेक आत सोडायची. सगळी गेल्यावर म्हणायची, "कानकापी आली न्हाई." आणि कानकापी खरंच बाभळीखाली अडकलेली असायची.

मी मात्र मोजणारा माणूस. संगणकाचा डिप्लोमा केलेला, घराण्यात पहिलाच. १९९२ साली एका तालुक्याच्या कचेरीनं मला रेशनकार्डांचा प्रोग्रॅम लिहायला घेतलं. नवीन कार्डं संगणकावर निघणार होती. मी महिनाभर खपून पडद्यावर चौकटी आखल्या. अर्जदाराचं नाव, पतीचं नाव, वय, माणसं. कुठलीही चौकट रिकामी राहिली तर मशीन तीनदा टूं टूं टूं ओरडायचं आणि पुढं सरकायचं नाही. हे ओरडणं खास माझ्या डोक्यातून निघालेलं. कचेरीतल्या साहेबांनी ते चारदा वाजवून बघितलं आणि म्हणाले, "शिस्त लागेल लोकांना."

पिंगळी स्टेशनाच्या पलीकडल्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर पहिलं शिबिर लागलं. पुरुष रानात, म्हणून रांग बायकांची. टायपिंगला कचेरीतला बन्सीधर.

"मावशी, नाव?"

"सुमनबाई."

"मालकाचं?"

सुमनबाईनं पदर तोंडात धरला. टूं टूं टूं.

"बोला की पटकन. मागं लाईन हाय."

"तुमाला ठाव न्हाई का? त्येच की. वेशीपाशी घर हाय त्येंचं."

माझी आई तीस वर्षं माझ्या वडलांना "ऐकलं का" म्हणून हाक मारते. ते कानांनी रोज ऐकणारा मी, पण चौकट आखताना माझ्या डोक्यात तिचं तोंड आलंच नाही. पॉलिटेक्निकात शिकवलं होतं की वापरणाऱ्याला विचारा. मी साहेबांना विचारलं होतं. साहेबांना कार्ड लागत नव्हतं.

शेजारणीला नाव सांगू द्यावं, असं मी सुचवलं. साहेबांनी बॅगेतून परिपत्रक काढून दाखवलं. बोगस कार्डांमुळे नियम कडक होता: अर्जदारानं स्वतः सांगावं, आणि सांगितलेलं जसंच्या तसं उतरवावं.

शेवटी सुमनबाईनं लाजत उखाणा घेतला. "जिंतूरच्या बाजारात हिरव्या बांगडीचा चुडा, आश्रुबारावांच्या पायात करकरता जोडा!"

रांग हसली. बन्सीधरनं जसंच्या तसं उतरवलं. नावाच्या चौकटीला मी वीस अक्षरं दिली होती, मोकळ्या जागा धरून. आश्रुबारावांची पाळी येण्याआधीच जागा संपली. कागदावर सुमनबाईच्या नवऱ्याचं नाव आलं: 'जिंतूरच्या बाजारात हिरव्या बांगडीचा चु'.

"खोडून नुसतं नाव घालू का?" बन्सीधरनं विचारलं.

"अर्जदाराचे शब्द आहेत," साहेब म्हणाले. "आपण कोण बदलणार?"

दुपारपर्यंत गावात असे नवरे सतरा झाले. ज्यांना उखाणा सुचला नाही त्यांच्यासाठी बन्सीधर पतीच्या चौकटीत 'नाही' दाबायचा. मग मशीन खूश होऊन कार्डावर 'अविवाहित' टाकायचं. चार लेकरांची एक आई अविवाहित झाली आणि काहीच न कळल्यानं समाधानानं घरी गेली.

केवळाबाई दिवसभर खांबाला टेकून हे बघत होती. तिचा मालक वारून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचं नाव धाकट्या दिराच्या, पंडितच्या, कार्डावर चढलं होतं. तिच्या वाटणीची साखर पंडितच्या चहात पडायची आणि तिच्या वाटणीचं रॉकेल त्याच्या कंदिलात. तिला तिचं वेगळं कार्ड पाहिजे होतं. शिबिर त्याच दिवशी संध्याकाळी उठणार होतं, आणि 'अविवाहित' बाईला वेगळं कार्ड मिळत नव्हतं.

ती शेवटी पुढं आली तेव्हा पंडितही आला, तंबाखू मळत.

"वहिनी, कशाला तरास घेता? माझ्या कार्डावर हाय की तुमचं नाव."

"नावच हाय, भावजी. बाकी काय लागतंय का त्याच्यावरलं?"

"मालकाचं नाव, मावशी?" बन्सीधर म्हणाला.

मेलेल्या मालकाचंही नाव तिच्या तोंडून येणार नव्हतं. उखाणा घ्यायचं वय आणि कपाळ दोन्ही राहिली नव्हती. टूं टूं टूं. बन्सीधरचं बोट 'नाही'कडं निघालं.

"थांब रं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "इंजिनेर, ह्या डब्याला गावातली माणसं ठाव हाईत का?"

"डब्याला नाहीत, पण माझ्याकडं मतदारांची जुनी छापील यादी आहे, मावशी."

"मग वाच की एकेक. मी मेंढराचं नाव आठवीत बसत न्हाई. म्होरून जाऊ देते. माझं आलं की कळतंय."

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी परिपत्रक उलटंसुलटं केलं. वाचू नये, असं कुठं लिहिलं नव्हतं.

मी वाचत गेलो. ती शाळेच्या पायरीवर दाराला पाय लावून बसली होती, वाड्यात बसायची तशीच. अंगद गेला, आश्रुबा गेला. पहिला भुजंग आला. ती हलली नाही. दुसरा भुजंग आला. तिनं नुसती मान हलवली, पुढं म्हणून.

"भुजंग सीताराम गडदे."

"ह्योच."

पंडितनं तंबाखू थुंकली. साहेबांनी परिपत्रकावर पुन्हा बोट फिरवलं. "अर्जदारानं स्वतः सांगितलं," ते म्हणाले. "बसतंय नियमात."

मशीन ओरडलं नाही.

शिबिर दोन दिवस वाढलं. सतरा उखाणे आणि सगळ्या अविवाहित बायका परत आल्या. पुढच्या आठवड्यात मी ओरडणं काढून टाकलं आणि यादी पडद्यावर आणली. साहेबांनी अहवाल पाठवला: 'ग्रामीण महिलांच्या मनातील संगणकाची भीती प्रबोधनाने दूर करण्यात आली.' त्यांना त्याबद्दल शाल मिळाली.

महिन्यानं मी केवळाबाईचं कार्ड घेऊन वाड्यावर गेलो. तिनं हात पदराला पुसले, कार्ड घेतलं, उलटं धरून बघितलं आणि माझ्याकडं परत दिलं.

"वाच."

"कुटुंबप्रमुख, केवळाबाई भुजंग गडदे."

"मालकाचं ऱ्हाऊ दे, त्ये वळखलंय मी. त्याच्या आदीचं वाच."

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग मेंढरं आत सोडायला उठली.