दारावरचं कुलूप

पदर कमरेला खोचून बाई फरशीवर बसल्या, की मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. "दिसतं तसंच काढा," एवढंच त्या म्हणायच्या.

गेवराईत आमच्या शाळेला लागून वस्ती आहे. तिथले बरेचसे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बाई तिसरीला शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गाला. वर्गात मान खाली घालून बसणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. बाईंच्या कागदापुढे तीच मुलं भांडायची.

एकदा त्यांनी जुनी कॅलेंडरं उलटी चिकटवून भलामोठा कागद केला आणि अख्ख्या वर्गाकडून वस्तीचा नकाशा काढून घेतला. कुणी नाली काढली, कुणी तिच्यात लोळणारी डुकरं. नाली रंगवायला काळा खडू पुरेना म्हणून त्यावरून झोंबाझोंबी झाली. एका मुलीने सार्वजनिक संडास काढला आणि त्याच्या दारावर दाराएवढंच कुलूप. बाईंनी कारण विचारलं.

"आत दादायचं सिमेंट हाय, बाई. आमी बाभळीत जातो."

दादा म्हणजे वस्तीतले पुढारी. नेमके तेच पुढच्या आठवड्यात शाळेत पाहुणे म्हणून यायचे होते. मुख्याध्यापकांनी कुलपावर कागदी फूल चिकटवायला सांगितलं. बाईंनी चिकटवलं नाही. सत्कार झाल्यावर नकाशा आणि त्या मुलीला घेऊन बाई पुढे गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दादा, किल्ली द्या. लेकरं उघड्यावर जातात."

दादा हसले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लई हुशार लेकरू हाय." मग नकाशा हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला. टाळ्या पडल्या. मला त्या हाताची आणि त्या टाळ्यांची शिसारी आली.

टाळ्या थांबेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. "किल्ली राहिली, दादा."

दादा गाडीत जाऊन बसले.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बाईंची बदली झाली, पार तालुक्याच्या टोकाला. जाताना त्यांनी नकाशा मागितला. तो आता शाळेचा आहे, असं उत्तर मिळालं. नकाशा कुठल्याशा कपाटात गेला. फोटो मात्र ऑफिसात लावलाय. त्यात नकाशातला संडास दादांच्या हाराआड झाकला गेलाय. तपासणीला कुणी आलं, की आमचा उपक्रम म्हणून तोच दाखवतात.

परवा सकाळी शाळेत येताना बाभळीकडे लक्ष गेलं. ती मुलगी आता चौथीत आहे. झुडपापुढे तिची धाकटी बहीण रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी फ्रॉकचा घेर पसरून, आडोसा धरून उभी होती.